अनंतरावांनी मेमरी आवरली

विशाखाबाईंनी कुकर लावला, मग कंप्युटरचं बटण दाबलं, आणि पडद्यावर पहिलं चित्र उमटेपर्यंत तीन शिट्ट्या झाल्या.

"वरण शिजलं, पण ह्याचं डोकं काही तापंना," त्या म्हणाल्या.

विशाखाबाई लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत. रविवारी साडेचारशे मुलांची चाचणी होती आणि तिचा पेपर ह्याच कंप्युटरमध्ये होता. त्यात बेडकाच्या हृदयाची आकृती घातली की यंत्राला घेरी यायची. मागे मालविकानं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून पाठवलेला फोटो उघडा असला तर विचारूच नका.

"मेमरी कमी पडून राहिली. चौसष्ट एमबी आहे म्हणे. क्लासमधले सगळे सांगतात, वाढवून घ्या."

"चौसष्ट काय कमी आहे?" अनंतरावांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. "आधी आतला पसारा काढा. जागा आपोआप होते."

अनंतराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गल्लीतल्या सगळ्यांनी माळ्यावरचं जड सामान खाली उतरवलं आणि दोन-तीन वर्षांत हळूच परत वर चढवलं. अनंतरावांचा माळा मात्र नऊ वर्षं झाली तरी लख्ख रिकामा होता. कोणत्याही दुखण्यावर 'आवरा' हे एकच औषध त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी विशाखाबाई क्लासला गेल्या आणि अनंतराव कंप्युटरपुढे बाह्या सारून बसले.

पत्त्यांचा खेळ त्यांनी ठेवला, तो रोज लागायचा. बायकोचा पेपर ठेवला. मग एका कप्प्यात शेकडो चमत्कारिक नावं दिसली. ना नात्यातली, ना ओळखीतली. "ही मंडळी कधी आली घरात?" म्हणत त्यांनी एकेकाला बाहेर काढायला सुरुवात केली. यंत्र दर वेळी इंग्रजीत विचारत होतं, खरंच काढू का? अनंतराव दर वेळी म्हणत होते, "हाव, काढ." दीड तासानं त्यांचं समाधान झालं. फरक बघायला म्हणून त्यांनी कंप्युटर बंद करून परत चालू केला.

पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: गरजेची एक वस्तू सापडत नाही.

"आता शोधून राहिलास होय रे!" अनंतरावांना घाम फुटला. "लागत होती तर आधी सांगायचं!"

खरं तर त्यानं दीडशे वेळा विचारलं होतं.

तीन वाजले होते. विशाखाबाई साडेपाचला येणार आणि पेपर छापायला घेणार. अनंतरावांना आठवण झाली ती पंचशीलाची. त्यांच्याच वर्गात शिकलेली मुलगी, चौकापलीकडे कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. त्यांनी कंप्युटरचा मुख्य डबा वायरींतून सोडवला, चादरीत गुंडाळला आणि काखेत मारून बाहेर पडले. फाटकातच शेजारचे धोंडप्पा स्कूटरला किक मारत उभे. धोंडप्पांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दाल मिलच्या हमालांनाही पाठ व्हायची.

"काय हो सर, भर उन्हाचं कुटं निघालात?"

"गिरणीवर," अनंतरावांच्या तोंडून निघून गेलं. "दळण आहे."

"मग बसा की मागं! मी तिकडंच चाललोय."

नाही म्हणायला कारण सुचेना. धोंडप्पांनी त्यांना थेट गिरणीच्या पायरीवर उतरवलं, एवढंच नाही तर आत ओरडून सांगितलं, "सरांचं आधी घ्या रे! लई वजन घेऊन आलेत!"

गिरणीवाल्यानं अदबीनं चादरीला हात घातला. "काय आहे सर? ज्वारी का गहू?"

"थांबा!" अनंतरावांनी डबा पोटाशी धरला. "निवडायचं राहिलंय."

स्कूटर वळणाआड जाताच ते पिठानं पांढरे झालेले केस घेऊन चौकाकडे सुटले.

पंचशीलानं डबा टेबलावर घेतला, पडद्याला जोडला आणि ती एक ओळ वाचली. मग सरांकडे पाहिलं.

"सर, काय करून बसलात हे?"

"आवरलं," अनंतराव पडेल आवाजात म्हणाले. "मेमरी कमी होती ना. हिचा पेपर, त्यात बेडूक, वर मालविकाचा फोटो, एवढ्यानंच अडायचं."

पंचशीला हसू दाबत स्टुलावर बसली. "असं बघा. तुमच्या घरात माळा आहे अन् स्वयंपाकाचा ओटा आहे. माळ्यावर सामान राहतं, ओट्यावर काम चालतं. मेमरी म्हणजे ओटा. तुमचा ओटा होता हातभर. त्यावर एकीकडं पेपर, एकीकडं बेडूक, वरून मालविकाताईंचा फोटो. मग गर्दी होणारच. तुम्ही आवरलात माळा. ओटा होता तेवढाच राहिला."

"आणि पेपर?"

"माळ्यावरच असेल. वर चढायचा जिना तेवढा तुम्ही काढून टाकलाय."

अनंतरावांनी रुमालानं कपाळ पुसलं, तर पिठाची कणीक झाली.

पंचशीलानं तासाभरात जिना पुन्हा बसवला. पेपर, बेडकासकट, जागच्या जागी निघाला. मग तिनं डब्यात एक बोटभर हिरवी पट्टी खोचली. "चौसष्टात ही चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. टायपिंग, फोटो, गाणी, पत्ते, घरच्या रोजच्या वापराला भरपूर झाली. कुणी ह्याहून जास्त सांगितली तर विचारा, सिनेमा काढायचाय का म्हणून."

अनंतराव रिक्षानं घरी आले. रंग बघून, भोकं मोजून वायरी जोडल्या आणि शेवटची वायर खोचताखोचता विशाखाबाईंच्या चपला वाजल्या.

बाईंनी आल्याआल्या बटण दाबलं. पेपर उघडला. बेडूक आत टाकला. बेडूक टुणकन येऊन बसला. त्यांनी मालविकाचा फोटोही उघडून पाहिला, तरी यंत्र हूं की चूं करेना.

"अगंबाई! काय केलंत तुम्ही?"

खरं सांगायला अनंतरावांनी तोंड उघडलं. "मी जरा आवरायला बसलो होतो, आणि..."

"बघा!" विशाखाबाईंचा चेहरा असा फुलला की त्यांना पुढचं बोलवेना. "मी मेली मेमरी-मेमरी करत बसले. तुमचंच खरं निघालं!"

एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य अनंतरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते मोडायचं धैर्य त्यांना झालं नाही.

रविवारी चाचणी झाली. विशाखाबाई घरी आल्या त्या आनंदानं फुलूनच. "अहो, मी सगळ्यांना सांगितलं. क्लासचे अठराच्या अठरा कंप्युटर रखडतात. आमचे क्लासवाले सर म्हणाले, शुक्रवारी अनंतरावांना घेऊनच या, आवरून देतील."

सोमवारी सकाळी दहाला अनंतराव पंचशीलाच्या दुकानात हजर होते. त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पंचशीला पोट धरून हसली, मग एक उघडा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"शुक्रवारपर्यंत शिकवते सर. ओट्यापासून सुरू करू. वही आणली का?"

अनंतराव उठून उभे राहिले.

"विसरलो, बाई."