मिसेस ऑर्सिनींची खुर्ची

"बंबाचं काय घेऊन बसलीस? या रस्त्यावरून मी जहाज काढून दाखवीन," लेन पावलाक म्हणाला आणि त्याने बटाट्याचं सारण भरलेली चौथी पिरोगी तोंडात टाकली.

"जहाज नको. बंब गेला तरी पुरे," थेरेसा म्हणाली. गुडघ्याखाली उशी घेऊन ती स्वयंपाकघरातच बसली होती. गुडघा नवा होता, ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता.

केलरटनच्या टेकडीवर गार्नेट स्ट्रीट कसा चढतो, हे पाहिल्यावर तो बांधणाऱ्याची नियत चांगली नव्हती असंच वाटतं. दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून घरं, गॅरेज एकालाही नाही, आणि दोन्ही कडांना खालपासून वरपर्यंत गाड्या. मध्ये जी फट उरते तिला नगरपालिका रस्ता म्हणते. हिवाळ्यात नोवाकांच्या घरी तळणीच्या तेलाने पेट घेतला, तेव्हा बंब खालच्या चौकाजवळच अडकला. जवान पाइप खांद्यावर टाकून धापा टाकत वर पोहोचले तोवर आग कंटाळून आपली आपण विझली होती. नोवाकबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली, पण व्हायचं ते झालंच. प्रकरण वाहतूक मंडळापुढे गेलं. मंडळाने प्रस्ताव काढला, की रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग कायमचं बंद करावं. ती बाजू लेनची होती.

बाकीच्यांसाठी हा गैरसोयीचा प्रश्न होता. लेनसाठी तो थेरेसाच्या गुडघ्याचा होता. दारासमोरची जागा गेली, तर गाडी टेकडीखाली लावायची आणि तिने तो सगळा चढ पायी चढायचा. "तुला पाऊलभर चालू देणार नाही," असा शब्द त्याने तिला ऑपरेशनच्या आधी दिला होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात लेनने फार शब्द दिले नव्हते, त्यामुळे जे दिले होते ते त्याला तोंडपाठ होते.

त्याच्याच आग्रहावरून मंडळाने एक प्रयोग मान्य केला. शनिवारी सकाळी शिडीचा मोठा बंब गार्नेट स्ट्रीटवरून वर न्यायचा. न थांबता गेला, तर प्रस्ताव रद्द. थांबला, तर एक बाजू बंद.

शुक्रवारी संध्याकाळी लेनने शेजाऱ्यांना आपल्या ओसरीत जमवलं. चाळीस वर्षं बस दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला गाडीची रुंदी कोणी शिकवायची नसते.

"छोट्या गाड्या आहेत तिथेच राहू देत," तो म्हणाला. "पिकअप, व्हॅन, जे काही धष्टपुष्ट असेल ते सकाळी चर्चच्या मैदानात नेऊन लावा. बंब सुळकन वर जाईल. मंडळ घरी, आपण आपल्या जागी."

"आणि फादर?" गस हर्बचकने विचारलं. त्याचा पिकअप एवढा मोठा होता, की त्याच्या मागच्या भागात लहानसं लग्न लागलं असतं.

"फादरना मी सांगितलंय की आपण प्रार्थनेला येतोय."

"सगळे?"

"गाड्या तरी येतायत ना."

योजनेवर सगळे खूश झाले. मिसेस ऑर्सिनीसुद्धा मान हलवून गेल्या, आणि मिसेस ऑर्सिनींनी मान हलवली म्हणजे गार्नेट स्ट्रीटवर ठराव पास झाला. वळणावरचं घर त्यांचं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगा मोठी व्हॅन चालवतो, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज खालच्या चौकापर्यंत विनासायास पोहोचतो.

शनिवारी सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पिकअप गेले, व्हॅन गेल्या, शेवटी लेन आपली जुनी लांबलचक गाडी घेऊन चर्चमध्ये गेला. तिथे गाड्यांची रांग पाहून फादरांचे डोळे भरून आले होते. लेन त्यांच्या नजरेला नजर न देता मागच्या फाटकातून सटकला आणि चढ चढत घरी निघाला. रस्ता आता केवढा रुंद दिसेल, मंडळाच्या टिल्डनबाई काय म्हणतील, आपण त्यावर नम्रपणे काय म्हणायचं, हे सगळं त्याने वाटेतच ठरवून टाकलं.

कोपऱ्यावर वळला आणि त्याचे पाय जागीच थबकले.

जिथून जिथून गाडी निघाली होती, तिथे तिथे खुर्ची बसली होती. स्वयंपाकघरातल्या लोखंडी खुर्च्या, अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पाय गेलेली झुलती खुर्ची. गस हर्बचकने पिकअपच्या लांबीला शोभेल अशा दोन ठेवून मध्ये इस्त्रीची फळी आडवी टाकली होती. नोवाकांकडे खुर्ची कमी पडली असावी, त्यांनी बागेतली मदर मेरी आणून उभी केली होती.

गार्नेट स्ट्रीटवर गाडी काढली की तिच्या जागी खुर्ची ठेवायची, हे तिथल्या मुलांना चालायच्या आधी कळतं. आणि दुसऱ्याची खुर्ची हलवायची नाही, हे त्याच्याही आधी. कायद्यात हे कुठेच नाही. कायदा तिथे कधी विचारायला आलेला नाही.

"गस," लेनचा आवाज चिरकला, "मी गाड्या काढायला सांगितल्या होत्या."

"काढल्या की."

"मग हे काय?"

"गाडी काढली. जागा कुठे सोडलीय?" गस म्हणाला. "खालच्या रस्त्यावरचा कोणी येऊन घुसला म्हणजे?"

लेन धावत आपल्या दारापाशी गेला. तिथे त्यांच्या स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची होती, आणि खिडकीत थेरेसा.

"तूसुद्धा?"

"मग काय करू? रिकामी जागा पाहून मला कसंतरीच झालं," ती म्हणाली. "खुर्ची मी नाही उचलली हां. गसकडून ठेवून घेतली."

लेनने डोक्याला हात लावला. मग त्याने एकेका खुर्चीकडे गॅरेजवाल्याच्या नजरेने पाहिलं. बहुतेक खुर्च्या कडेला होत्या, बंब गेला असता. अडचण एकच होती. मिसेस ऑर्सिनींनी आपली खुर्ची बरोबर वळणावर आणि चांगली हातभर बाहेर ठेवली होती. पाठीला लाल कापड शिवलेली, जड लाकडी खुर्ची.

"एवढी बाहेर का?" त्याने शेजारच्या ओसरीत विचारलं.

"मुलाच्या व्हॅनचे आरसेही जागेत धरले त्यांनी," उत्तर आलं.

"त्या कुठायत?"

"केस सेट करायला गेल्यात. शनिवार आहे ना."

लेन खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. हातभर आत सरकवायची, एवढंच काम. त्याने हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला. सगळ्या ओसऱ्यांमधून लोक त्याच्या हाताकडे बघत होते. आयुष्यात त्याने बसचं इंजिन एकट्याने खाली उतरवलं होतं, पण ही खुर्ची त्याच्याने हलेना. तेवढ्यात खालून बंबाचा भोंगा वाजला.

बंबापुढे नारिंगी जाकिटं घालून मंडळाचे सदस्य चालत होते, आणि सगळ्यांच्या पुढे अध्यक्षा टिल्डनबाई. बाई दोन वर्षांपूर्वी अ‍ॅरिझोनाहून आल्या होत्या, जिथे घरापेक्षा गॅरेज मोठं असतं. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, फक्त वाळवंटातल्या होत्या.

बंब नोवाकांच्या मदर मेरीला वाट देऊन पुढे आला, इस्त्रीच्या फळीला वाट देऊन पुढे आला, आणि वळणावर येऊन थांबला. कॅप्टन रूनी खाली उतरला. रूनी शेजारच्याच रस्त्यावर वाढलेला. त्याने खुर्ची पाहिली आणि टोपी काढली.

"मिस्टर पावलाक, कोणाची?"

"मिसेस ऑर्सिनींची."

रूनीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "त्या आहेत कुठे?"

"केस सेट करायला गेल्यात."

"मग थांबू या थोडं," रूनी म्हणाला.

टिल्डनबाई पुढे आल्या. "काय झालं? थांबलात का?"

"बाई, खुर्ची आहे."

"खुर्ची आहे ते मला दिसतंय. उचला."

रूनीने मागे वळून आपल्या जवानांकडे पाहिलं. जवान आकाशाकडे पाहू लागले. त्यातले दोघे मागच्याच महिन्यात जळत्या गोदामात शिरले होते.

"बाई, ती ठेवलेली खुर्ची आहे," रूनी समजावणीच्या सुरात म्हणाला. "पडलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला रविवारी याच चर्चला यायचं असतं."

टिल्डनबाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. थांबला, असंच लिहीत असणार. गेली जागा. लेनच्या डोळ्यांसमोर काठी टेकत चढ चढणारी थेरेसा उभी राहिली. मग त्याने पुढचामागचा विचार न करता खुर्ची दोन्ही हातांनी उचलली.

ओसऱ्यांमधून एक सुस्कारा फिरला. आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावरून आवाज आला, "लेनर्ड!"

मिसेस ऑर्सिनींचे अर्धे केस रोलर्सवर गुंडाळलेले होते आणि अर्धे मोकळे. बातमी सलूनपर्यंत पोहोचली होती आणि बाई खुर्चीतून उठून तशाच आल्या होत्या. लेनने दचकून खुर्ची होती तिथेच ठेवायला पाऊल मागे टाकलं. मागे गटाराची कड होती. लेन खाली, खुर्ची वर, आणि घोट्यातून असा आवाज आला, की बस दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो भाग बदलावा लागणार हे ताबडतोब कळलं.

"मोडलं का?" मिसेस ऑर्सिनी धावत आल्या.

"हो वाटतं," लेन कण्हला.

त्यांनी खुर्ची उलटसुलट करून पाहिली. "नाही, धड आहे," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष लेनच्या पायाकडे गेलं.

रुग्णवाहिका बोलावली. ती आली झटकन, पण बंबाच्या मागे येऊन अडणार हे उघड होतं. "बंब मागे घ्या," रूनी ओरडला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि मान हलवली. बंब थांबलेला पाहून गस हर्बचकने चर्चमध्ये गाड्यांपाशी थांबलेल्या पोरांना निरोप धाडला होता, की कार्यक्रम संपला. एकेक पिकअप, एकेक व्हॅन परतून आपापल्या खुर्चीच्या जागी लागली होती. घाईत लावल्यामुळे ढुंगणं रस्त्यात. बंब पुढे जाईना, मागे येईना. रुग्णवाहिका खाली चौकातच उभी राहिली.

"उचलूनच न्यावं लागेल," रूनी म्हणाला. "पण या उताराला स्ट्रेचर सरळ राहायचं नाही. बसवून न्यायला काहीतरी हवं."

सगळ्यांनी मिसेस ऑर्सिनींकडे पाहिलं. त्यांनी लेनकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि हातांची घडी घालून आपल्या मुलाच्या व्हॅनच्या रिकाम्या जागेत, आरशांसकट, स्वतः उभ्या राहिल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण परत आणा. तोवर मी इथे आहे."

चार जवानांनी लेनला त्या लाल पाठीच्या खुर्चीत बसवून खांद्यांपर्यंत उचललं आणि गार्नेट स्ट्रीटवरून वरात निघाली. दोन्हीकडच्या ओसऱ्यांमधून लोक हात हलवत होते. लेनला काय करावं ते कळेना, म्हणून त्यानेही एकदा हात हलवला. मागून टिल्डनबाई आणि मंडळ. जवान घामाघूम झाले, दोनदा त्याला खाली ठेवून त्यांनी खांदे बदलले. दुसऱ्यांदा ठेवलं तेव्हा लेनच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात कोणीतरी घट्ट धरलाय.

थेरेसा होती. घरातल्या सपाता, एका हातात काठी. निम्मा उतार ती त्याच्याबरोबर उतरून आली होती.

"तू काय चालतेयस? गुडघा दुखेल," तो म्हणाला.

"दुखतोय," ती म्हणाली. "तू गप्प बस. पुढे बघ."

लेन पुढे बघू लागला. त्याला एकाएकी फार लाज वाटली, आणि घोट्यापेक्षा ती जास्त ठणकत राहिली.

मंगळवारी मंडळाची सभा होती. प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर टाकून लेन पहिल्या रांगेत बसला. त्याने भाषण तयार केलं होतं. प्रयोग रीतसर झालेला नाही, खुर्ची हे वाहन नाही, पुन्हा घ्यावा. तो कुबड्या चाचपत होता, तोवर थेरेसा उठून उभी राहिली होती.

"मी थेरेसा पावलाक," ती म्हणाली. "पार्किंग बंद होणार ते आमच्याच दारासमोरचं. माझ्या नवऱ्याला ते माझ्यासाठी हवंय. मला चालावं लागू नये म्हणून तो शनिवारी पडला. मी चालेन. हळू चालेन, मध्ये नोवाकांच्या पायरीवर बसेन, पण चालेन. मला भीती त्याची नाही. शनिवारी त्याचा घोटा होता. उद्या त्याची छाती असेल, रात्रीची वेळ असेल, आणि गाडी खाली चौकात उभी असेल. त्या वेळी चार पोरं कुठून आणू? आणि आणली तरी..." तिने सभागृहाकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंय त्याला. अडीचशे पौंडांचा माणूस आहे."

सभागृह हसलं, पण हळू हसलं. गस हर्बचकने नाक शिंकरलं. मिसेस ऑर्सिनींनी मान हलवली.

टिल्डनबाईंनी चष्मा पुसला. "गार्नेट स्ट्रीटचे रहिवासी म्हणून तुमचं म्हणणं नोंदवायचंय," त्या म्हणाल्या. "ज्यांना एका बाजूचं पार्किंग बंद करणं मान्य आहे, त्यांनी हात वर करा."

मिसेस ऑर्सिनींचा हात गेला. गसचा गेला. नोवाक दांपत्याचे गेले. मग सगळ्यांच्या वर, अगदी पहिल्या रांगेतून, लेन पावलाकचा हात गेला.

थेरेसाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तसं तिने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नसेल.

"एकमताने," टिल्डनबाई भारावून म्हणाल्या. "आणि मिस्टर पावलाक, तुमचं विशेष कौतुक वाटतं. तुम्हाला काही बोलायचंय का?"

लेनने थेरेसाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. वर केलेला हात त्याने सावकाश खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "माझं वजन दोनशे अडतीस आहे, एवढंच सांगायचं होतं. पण राहू दे."