भेकरमावशीचे अ‍ॅप

मुलांनो, एका जंगलात वाघाचे राज्य होते आणि तिथे रेंजही चांगली येत असे.

एकदा वाघमहाराजांनी नवा फोन काढला. जुन्या फोनवरचे काहीही त्यात चालत नसे, म्हणून तो आधुनिक होता. प्रत्येकाने तो गळ्यात बांधावा, असा हुकूम निघाला. पहिला महाराजांनीच बांधला.

पण फोनमध्ये अ‍ॅप नव्हती. महाराजांनी प्रधान कोल्ह्याला बजावले, "उद्घाटनाला शंभर हवीत." कोल्ह्याने माकडांना जुंपले. त्यांनी आठवड्यात नव्याण्णव केली. सगळी विजेरीची होती.

त्याच जंगलात भेकरमावशी राहत असे. वाघ दिसला की भुंकून हरणांना सावध करायचे, हे तिचे जन्माचे काम. आता वयामुळे तिचा आवाज बसला होता. त्यापायी दोन पाडसे गेली. म्हणून तिने खपून एक अ‍ॅप बनवले. नाव ठेवले 'वाघ आला'. महाराजांचा फोन जवळ आला की हरणांच्या गळ्यातले फोन भुंकत. नकाशावर महाराज लाल ठिपका, हरणे हिरवे ठिपके.

मंजुरीसाठी ती कोल्ह्याकडे गेली.

"वा मावशी, शंभरावं झालं!" कोल्हा म्हणाला. "फक्त ते महाराजांच्या फोनवरही चाललं पाहिजे."

"अहो प्रधानजी, ते वाघासाठी नाहीच!"

"असा भेदभाव बरा नव्हे. आणि महाराजांना नव्याण्णवच दिसली, तर माझी कातडी शिल्लक राहायची नाही."

कळपाला रोज पाण्यावर जाणे भाग होते. मावशीने मान डोलावली.

तीन दिवस पाणवठ्यावर फोन भुंकले. हरणे करवंदीच्या जाळीकडे पळाली आणि वाचली. मावशीचा सत्कार झाला. महाराज शांतपणे ठिपके पाहत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी आपला फोन पाणवठ्याजवळ दगडावर ठेवला आणि स्वतः जाळीत जाऊन बसले.

त्या दिवशी चार हिरवे ठिपके कमी झाले. महाराजांनी अ‍ॅपला पाच तारे दिले आणि लिहिले, 'अत्यंत उपयुक्त. पूर्वी फार हिंडावे लागे.'

मावशी धावत कोल्ह्याकडे गेली. "अ‍ॅप बंद करा!"

"पाच तारे मिळालेलं अ‍ॅप? वेड लागलंय का मावशी?"

ती कळपाकडे परतली. बसलेल्या आवाजात म्हणाली, "पोरांनो, ते फोन फेकून द्या. वाघ जाळीत बसतो."

हरणांनी एकमेकांकडे पाहिले. एक तरुण काळवीट समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, असं काय करता? फोन फेकला, तर वाघ कुठं आहे ते आम्हाला कळणार कसं?"

आणि नकाशावर लाल ठिपका पाणवठ्याशी दिसताच सारा कळप शिस्तीत जाळीकडे निघाला.

तात्पर्य : ज्या अ‍ॅपबद्दल एकही तक्रार येत नाही, ते यशस्वी समजावे. तक्रार करणारे कुठे गेले, हा तांत्रिक प्रश्न नाही.