दाराचे पाच गुण

जगात जे जे अस्सल आहे ते ते गैरसोयीचे असते, हे विचारवंतांनी मान्य केलेले सत्य आहे. (कोणत्या विचारवंतांनी, हे या क्षणी स्मरत नाही, परंतु इतके गैरसोयीचे सत्य दुसऱ्या कोणाला सुचणे संभवत नाही.) अस्सल लोकर टोचते. अस्सल लाकडाचे कपाट हलता हलत नाही. अस्सल मित्र तोंडावर खरे बोलतो. याउलट नकली वस्तू मुकाट्याने आपले काम करीत राहते, आणि म्हणूनच सुसंस्कृत समाजात तिला प्रतिष्ठा नाही.

या तत्त्वाच्या पायावर आमचे जुने वाहन जीर्णोद्धार मंडळ उभे असून प्रस्तुत लेखक त्याचा चिटणीस आहे. मंडळाच्या घटनेत 'जुने वाहन' याची व्याख्या केलेली नाही; परंतु जे रस्त्यात बंद पडले असता मालकाचा चेहरा उजळतो ते जुने वाहन, असा संकेत रूढ आहे.

आमचे सभासद थोडे, परंतु निष्ठावंत आहेत. दंतवैद्य आपल्या गाडीची पुढची जाळी दात कोरण्याच्या बारीक आकड्यांनी साफ करतात. (रुग्णांच्या आधी की नंतर, याची मंडळाने चौकशी केलेली नाही.) निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरातली एकमेव चांगली दुलई गाडीवर असते, ते स्वतः चादरीवर भागवतात. छापखानेवाल्यांनी इंजिन पूर्ण उलगडून त्याचे सुटे भाग स्वयंपाकघरातल्या बरण्यांत ठेवले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे चहात साखर घालताना पाहुणे विचारून घेतात. मंडळाने केलेल्या पाहणीनुसार सभासदांचा निम्मा फुरसतीचा वेळ गाडीखाली जातो, उरलेल्यातला बराचसा गाडीखाली पडलेला स्क्रू शोधण्यात जातो, आणि शिल्लक राहतो तो, गाडी आता जवळजवळ तयारच आहे, असे घरच्यांना सांगण्यात. प्रत्यक्ष गाडी चालवण्यात जाणारा वेळ इतका अल्प आहे की तो आलेखात दाखवता आला नाही.

एका सभासदाविषयी मात्र नाइलाजाने लिहावे लागते. त्याला आम्ही भडक्या म्हणतो. त्याने एका खानदानी जुन्या गाडीचे छप्पर कापले, आत मालवाहू ट्रकचे इंजिन कोंबले, मागे रुंद चाके लावली आणि दोन्ही बाजूंना तांबड्यापिवळ्या ज्वाळा रंगवल्या. अशा वाहनास हॉटरॉड म्हणतात, असे तो अभिमानाने सांगतो. त्याची गाडी कधीही बंद पडत नाही. सबब मंडळाच्या प्रत्येक सभेत त्याच्या निषेधाचा ठराव संमत होतो, आणि सभा संपल्यावर तोच सर्वांना घरी सोडतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. मंडळाचे अध्यक्ष हे माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान होत. त्यांची काळी गाडी हा आमच्या मंडळाचा मुकुटमणी आहे. तिचे घोटीव मडगार्ड पाहून मुख्याध्यापक मला एकदा म्हणाले होते, "चिटणीस, असे वळण आता माणसांनाही राहिले नाही." या गाडीला एकच डाग होता. डाव्या दाराच्या आतल्या बाजूस कोणा पूर्वीच्या मालकाने न्हाणीघराच्या दाराला असते तशी एक पितळी कडी बसवलेली होती.

ही कडी दिसायला ओंगळ, परंतु वापरात होती. दर रविवारी सकाळी भाऊजी आणि ताई तळ्यापर्यंत चक्कर मारीत. ताई बसे, दार ओढी, आणि कडी सारी. कडीचा खट्ट असा आवाज कानी आल्याखेरीज भाऊजी गाडी सुरू करीत नसत. लग्न झाल्यापासून दोघांत जे काही बोलणे झाले असेल, त्यातले निम्मे या खट्टनंतर झाले असावे, असा माझा अंदाज आहे. (अंदाजच, कारण मागच्या आसनावर मला कधी बोलावले नाही.)

या वर्षी अशा सर्व मंडळांच्या महासंघाने अस्सलपणाची परीक्षा जाहीर केली. शंभर गुण, रंग, शिवण, स्क्रूचे माथे, सर्वांना वेगवेगळे. गाडी कारखान्यातून ज्या अवस्थेत बाहेर पडली त्या अवस्थेत तिला परत नेणे हे परीक्षेचे उद्दिष्ट. आम्ही कडी काढली, भोके लांबी भरून बुजवली, वर मूळ रंग दिला. सर्वांना कृतकृत्य वाटले. त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी कारखान्याने त्या काळी गाडीबरोबर दिलेली पुस्तिका मिळवली आणि सभेत मोठ्याने वाचली. तीत असे होते: 'उजव्या वळणावर प्रवाशाचा भार दारावर आल्यास डावे दार उघडण्याचा संभव आहे. प्रवाशाने वळणावर दाराची मूठ धरून ठेवावी.'

दार उघडणे हा त्या गाडीचा जन्मजात गुणधर्म होता, आणि पूर्वीच्या मालकाने कडी लावून इतकी वर्षे तो दडपून ठेवला होता. महासंघाकडे विचारणा केली असता उत्तर आले की, वळणावर दार उघडण्यास पाच गुण आहेत.

दुर्दैवाने आमचे दार उघडेना. कडीच्या सहवासात राहून त्याला बंद राहण्याची सवय लागली होती. मग छापखानेवाल्यांनी खटका कानशीने घासला, दंतवैद्यांनी बिजागरी सैल केली, आणि आसनावर वाळूचे पोते ठेवून मैदानात चाचणी घेतली. उजव्या वळणावर दार उघडले, पोते बाहेर पडून फुटले, आणि सभासदांनी एकमेकांना आलिंगन दिले.

परंतु महासंघाच्या नियमानुसार आसनावर जिवंत व्यक्ती आवश्यक होती. कोणी बसावे, याचा विचार मंडळाने पूर्ण लोकशाही पद्धतीने केला. दंतवैद्यांची कंबर धरलेली होती. (ती त्याच सभेत धरली.) मुख्याध्यापकांना परीक्षेच्या शेवटी भाषण करायचे होते. छापखानेवाल्यांचे वजन असे की दार आधीच उघडले असते, आणि ते नियमबाह्य ठरले असते. मला पुष्पगुच्छ धरायचा होता. भडक्या म्हणाला, "मी बसतो की," परंतु अस्सल गाडीत हॉटरॉडवाला बसवणे म्हणजे तत्त्वाशी तडजोड. एक एक नाव गळत जाऊन शेवटी ताईचे नाव उरले. ती मंडळाची सभासद नसल्यामुळे तिचे मत विचारात घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भाऊजींनी तिला गाडीपाशी बोलावून समजावून दिले. मीही हजर होतो.

"अगं, फार काही नाही. पाण्याच्या टाकीजवळचं वळण आलं की मूठ सोडायची. बस्स."

"पुस्तकात तर धरायची म्हटलंय."

"ते प्रवाशाला. तू काय प्रवासी आहेस?"

"मग कोण आहे मी?"

भाऊजींनी फडक्याने काच पुसली. "तू म्हणजे गाडीचाच भाग झालीस आता."

"मूळचा, का नंतर बसवलेला?"

भाऊजी हसले. ताई हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, तुझं काय म्हणणं?"

"ताई, पाच गुणांचा प्रश्न आहे."

"शाळेत पाच गुणांसाठी एवढा जीव टाकला असतास तर आज कुठल्या कुठे असतास." मग ती भाऊजींना म्हणाली, "अहो, वळण हळू तरी घ्याल ना?"

"हळू घेतलं तर दार उघडत नाही गं."

ताई थोडा वेळ त्या लांबी भरलेल्या जागेवरून बोट फिरवीत राहिली. "कडी कुठाय?"

"आहे ड्रॉवरात."

"टाकू नका." आणि मग, "बरं. एकदाच हं."

परीक्षेचा दिवस स्वच्छ होता. महासंघाचे परीक्षक शिडशिडीत गृहस्थ असून स्क्रूंचे माथे भिंगातून तपासत होते. पुढे बसण्याचा आग्रह झाला असता ते म्हणाले, "परीक्षकाने निरीक्षण करायचे असते, अनुभव घ्यायचा नसतो," आणि मागच्या आसनावर मधोमध बसले. मार्ग असा ठरला होता: मैदानातून निघून पोस्टावरून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीशी उजवे वळण, आणि शाळेमागून परत मैदानात. भडक्याला सक्त ताकीद होती की त्याने बरेच अंतर राखून सर्वांत मागून यावे, म्हणजे छायाचित्रात ज्वाळा येणार नाहीत.

गाडी गेली. आम्ही मैदानाच्या टोकाशी उभे राहिलो. यथावकाश शाळेमागून ती काळी मूर्ती प्रकट झाली, आणि काय वर्णावे, तिचे डावे दार हत्तीच्या कानासारखे हलत होते. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. दंतवैद्य कंबर विसरून धावले. टाळ्यांच्या गजरात गाडी थांबली.

भाऊजी उतरले ते थेट वळसा घालून दारापाशी गेले. "उघडलं?"

"उघडलं," परीक्षक म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण. वळणाच्या ऐन मध्यावर. इतकं शुद्ध उघडलेलं दार मी आजवर पाहिलेलं नाही."

पाचपैकी पाच. एकूण बेरजेत गाडी विशेष श्रेणीत आली. मी पुष्पगुच्छ दिला. मुख्याध्यापकांनी 'दोष हाच वस्तूचा आत्मा' या विषयावर मुद्देसूद भाषण केले. चहा झाला. मग छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, वहिनींना बोलवा ना, जोडीनं काढू," तेव्हा पुढचे आसन रिकामे असल्याचे मंडळाच्या निदर्शनास आले.

"इथेच तर होती," भाऊजी म्हणाले.

परीक्षकांना विचारले असता त्यांनी आसनाची शिवण पुन्हा तपासली आणि ती मूळचीच असल्याचा निर्वाळा दिला. प्रवासी परत आणण्याबाबत नियमांत काही नव्हते.

इतक्यात माझ्या पत्नीचा फोन आला. "ताई आल्यात आपल्याकडे. पिशवी नाही काही नाही, आणि म्हणतायत राहायला आले. त्या ज्वाळावाल्यानं सोडलं." भडक्या मागून येत होता, हे आमच्या लक्षातून गेले होते. वाटेत एका ठिकाणी थांबावे लागले म्हणून उशीर झाला, एवढेच तो माझ्या पत्नीला म्हणाला.

त्याच दिवशी उन्हे उतरताना भाऊजी प्रमाणपत्राची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले. ताई खिडकीपाशी बसली होती. उठली नाही.

"पाचच्या पाच मिळाले," भाऊजी म्हणाले.

"कळलं."

"परीक्षक म्हणाले, असं दार पाहिलं नव्हतं कधी. तू पाहिलंस ना?"

"माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल."

भाऊजींनी गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली. "चल ना घरी."

"कडी लावा. मग येते."

"अगं, कडी लावली तर हे रद्द होईल."

"हो ना."

"दुसरं काहीही माग."

"दुसरं काही नकोच आहे मला. खट्ट वाजली की येते मी. तोवर भावाकडे बरी आहे." मग माझ्याकडे पाहून, "इथली दारं लागतात."

या गोष्टीस आता बरेच रविवार लोटले. भाऊजी रविवारी सकाळी गाडी बाहेर काढतात, ड्रॉवरातली कडी आणतात, दारावर जिथे होती तिथे ती हाताने धरून पाहतात, आणि परत ठेवून देतात. एकदा तर स्क्रूचे टोकही टेकवले होते, असे शेजारी सांगतात. परंतु मूळ रंगावर चरा पडेल म्हणून त्यांनी हात आवरला. गाडी तळ्यावर जात नाही. ताई आमच्याकडे भाजी निवडू शकत नाही म्हणून वाटाणे सोलणाऱ्या माझ्या मुलीला गोष्टी सांगते, आणि बाहेर गाडीचा आवाज झाला की गोष्ट मध्येच थांबवते.

मंडळापुढे हा विषय दोनदा आला. पहिल्या सभेत कडी लावावी की न लावावी यावर समसमान मते पडली. दुसऱ्या सभेत, लांबून कडीसारखा दिसणार नाही परंतु खट्ट असा आवाज करील असा एखादा अस्सल भाग शोधण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली. तूर्त अशी परिस्थिती आहे. सुजाण वाचकांनी कडीच्या बाजूने अथवा प्रमाणपत्राच्या बाजूने आपले मत जरूर बनवावे. बहुधा ते बनलेही असेल.

चिटणीस या नात्याने एक नोंद मात्र करणे कर्तव्य आहे. टाकीजवळच्या त्या वळणावर ताईला लागले काय, असे भाऊजींनी विचारले नाही. परीक्षकांनी विचारले नाही. दोन्ही सभांत हा मुद्दा कोणी उपस्थित केला नाही. आणि आपणही, गुण किती मिळाले ते कळून, चहा होऊन, भाषण ऐकून, कडीविषयी मत बनवून येथवर येऊन पोहोचलात. ताईचा उजवा हात मनगटाशी मोडला असून तो प्लास्टरमध्ये आहे. भडक्या वाटेत थांबला होता तो दवाखान्यापाशी.

सबब आपणांस मंडळाचे सभासद करून घेण्यास माझी काहीही हरकत नाही.