परसदारी कलिंगड धरल्याचे वर्तमान

मुळास ओल असो, शेंड्यास ऊन असो, लिहिणाऱ्याच्या बोटास माती असो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, वैशाखमास.

पिवळी फुले, परडीभर. सिमेंटची पोती. बुलबुलांवर आळ. मंगलाष्टके, तीही भल्या सकाळी. एक बनियन, खांद्यावर विरलेले.

इतक्या गोष्टींनी एक राज्य राखिले, ते ऐसे. राज्य लहान. एके अंगास न्हाणीघराची भिंत, दुसऱ्या अंगास कपडे वाळत घालण्याची दोरी, पुढे फाटक. चार खाटा टाकल्या तर पाचवीस जागा नाही. तेथे सूनबाई कुमुदिनीबाईसाहेब यांनी माघमासी कलिंगडाचे बी लाविले, आणि वेल निघाला, आणि खिडकीचे गज धरून वर चढला, आणि त्यांचे यजमान भालचंद्रराव यांच्या मनात मात्र त्याच जागी फरशी घालून मोटार उभी करावी ऐसे आले. मग राव बोलते झाले, "पानंच पानं! फळ कुठंय? वैशाखी पौर्णिमेला माझ्या ताटात फोड पडली तर जागा तुझी. नाहीतर दुसऱ्या दिवशी मिस्त्री येणार." बाईसाहेब म्हणाल्या, "पडेल. बिया थुंकायला वाटी तयार ठेवा." पैज लागली. मिस्त्रीने पोती आणून फाटकाशी रचिली.

आणि बाईसाहेबांनी रोज स्वयंपाक करावा, डबे भरावे, मग बाहेर यावे, तो वेलीवर एक फूल नाही. कळ्या संध्याकाळी दिसत, सकाळी नाहीशा होत. त्या समजल्या की शत्रू बुलबुल आहेत. मग रावांचा सदरा घालून बुजगावणे उभे केले. फुले तरीही जात राहिली. बाईसाहेब आतून खचल्या, परंतु दाखविले नाही. पुढे गुढीपाडव्याचे दिवशी दुधवाला लवकर आला, म्हणून बाईसाहेब लवकर बाहेर आल्या, आणि पाहतात तो बुजगावण्याच्या शेजारी सासूबाई आक्कासाहेब, स्नान करून, हातात परडी, परडीत वेलीची सगळी फुले.

"आक्का! हे काय?"

"काय म्हणजे? पूजेची फुलं. दत्ताला पिवळं आवडतं."

"अहो, हे बघा, फुलाच्या खाली बोराएवढं कलिंगड आहे! रोज देवघरात कलिंगडं वाहताय तुम्ही!"

आक्कासाहेबांनी फूल उलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई. म्हणजे नैवेद्यच झाला की."

खिडकीतून राव हसले, "फितुरी घरातच निघाली!"

"तू गप रे," आक्कासाहेब गरजल्या. "मोटारीला हार घालायला फुलं लागतील, ती काय फरशीतून काढणार आहेस?"

मग तेथेच, दुधाचे पातेले मध्ये ठेवून, तह झाला. बाईसाहेबांनी समजाविले की खाली गोळा असलेले फूल मादीचे, नुसत्या देठाचे नराचे. नराचा पराग मादीस लागला तर फळ धरते. या राज्यात मधमाशी फिरकत नाही, सबब हे काम हातानेच करावे लागते, तेही फूल उमलल्यावर सकाळीच. आक्कासाहेबांनी विचार केला आणि निवाडा दिला, "आधी लग्न लावू. मग नवरे देवाला, नवऱ्या वेलीवर." आणि दुसरे दिवसापासून आक्कासाहेब स्वतः वेलीपाशी जाऊ लागल्या, आणि नराचे फूल मादीस हळूच लावून मंगलाष्टक म्हणू लागल्या, आणि सावधान म्हणताच बाईसाहेब पाणी घालू लागल्या.

पुष्कळ गोळे पिवळे पडून गळाले. एक राहिला. तो लिंबाएवढा झाला, मग नारळाएवढा झाला, मग वेलीस भार सोसेना, तेव्हा आक्कासाहेबांनी रावांचे बनियन मागितले आणि त्याची झोळी करून गजास बांधिली. राव म्हणाले, "माझंच बनियन, माझ्याच विरुद्ध!" परंतु रोज कचेरीतून येताच आधी झोळीत डोकावत. मग

[येथे कागदावर रस सांडला आहे. दोन ओळी गेल्या.]

पौर्णिमेचे सकाळी मिस्त्री थापी घेऊन फाटकात उभा. रावांनी फळावर टिचकी मारिली आणि म्हणाले, "कच्चं आहे." बाईसाहेबांनी देठाजवळचा वेलीचा पीळदार ताणा दाखविला, तो पार वाळला होता, म्हणजे फळ पिकले. सुरी मात्र हातीच धरून ठेविली, कारण फळ एकच, आणि कापले की परत जोडता येत नाही.

"काप गं," आक्कासाहेब म्हणाल्या. "मुलगी दिलेली आहे, पोसलेली आहे. भ्यायचं काय?"

सुरी टेकली मात्र, आणि फळ आपणच तडकले, कर्र ऐसा आवाज झाला, आणि आत लाल, कुंकवाहून लाल, भिंतीपर्यंत रस उडाला! पहिली फोड रावांचे ताटात पडली. दुसरी मिस्त्रीने उभ्याउभ्या खाल्ली. राव हनुवटी पुसत त्यास म्हणाले, "मिस्त्री, पोती परत न्या. ही जागा आता माझ्या ताब्यात राहिली नाही." बुजगावण्याचे डोकीवर साल टोपीसारखी चढविली आणि फत्ते झाली.

सारांश, जमीन थोडी होती, वेल एक होता, फळ एक आले, ते गोड निघाले, राज्य राहिले.

माघात बी लाविले त्या दिवशी पहिले तांब्याभर पाणी आक्कासाहेबांनीच घातले होते.