मनाचं अपेंडिक्स

माणसाप्रमाणे माणसाचं ज्ञानही माकडापासूनच उत्क्रांत होत आलं आहे, हे आता सर्वमान्य आहे (माकडांचं मत मागवलेलं नाही). चुकीच्या समजुती त्या बाळगणाऱ्यांसह मरतात. वाघ पाला खातो असं मानणाऱ्यांना या चर्चेत फार काळ भाग घेता आला नाही. उरलं ते ज्ञान, आणि त्याची निगा राखायला आमच्या विद्यापीठात ज्ञान-उत्क्रांती विभाग आहे. मी तिथे सहायक आहे.

विभागापुढे एकच अडचण होती. टिकलं ते खरं, असं धरलं तर देवावरची श्रद्धा काही केल्या मरत नव्हती, आणि विभागाचे स्वतःचे सिद्धांत मात्र सरासरी चार वर्षांत आटोपत होते. हा पेच विभागप्रमुख सरांनी सोडवला. श्रद्धा म्हणजे मनाचं अपेंडिक्स, एकेकाळी कामाचं असेल, आता नुसतंच लोंबतंय, असं त्यांनी जाहीर केलं. लगोलग परिपत्रक निघालं. ठेच लागल्यास ‘देवा रे’ म्हणू नये, ‘आई गं’ म्हणावे (आईच्या अस्तित्वाचा पुरावा उपलब्ध आहे).

सरांची मेहुणी सर्जन आहे. सुरी हातात घेण्याआधी ती क्षणभर डोळे मिटते. एकदा जेवताना सरांनी त्यावरून तिची यथेच्छ टिंगल केली. तिच्या ताईने, म्हणजे सरांच्या पत्नीने, एवढंच विचारलं की तुमचा सिद्धांत तरी खरा म्हणून टिकलाय की सोयीचा म्हणून. सरांनी मीठ मागितलं.

पंधरवड्यात सरांचंच अपेंडिक्स सुजलं (पोटातलं). फुटायच्या बेतात होतं, जिवावरचं दुखणं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सर स्ट्रेचरवर, आणि मी त्यांचा चष्मा सांभाळत उभा. मेहुणी मास्क बांधता बांधता म्हणाली, “भावोजी, मी डोळे मिटते, तुम्हाला माहितीये. पलीकडचे डॉक्टर नाही मिटत. त्यांना बोलावू का?”

सरांना दरदरून घाम फुटला. खरं सांगतो, मला त्यांची दया आली.

“नेहमी किती वेळ मिटतेस?” त्यांनी विचारलं.

“असेल क्षणभर.”

“आज घाई करू नकोस.”

सर खडखडीत बरे झाले. परिपत्रकात दुरुस्ती झाली. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी आपल्या वतीने दुसऱ्याने श्रद्धा बाळगल्यास विभागाची हरकत नाही.

आपण सुजाण वाचक आहात, सरांना हसलाही असाल. उद्या आपण त्या टेबलावर आडवे असताना आपल्या डॉक्टरने डोळे न मिटता थेट सुरी उचलली, तर आपल्याला काहीही वाटणार नाही, याची विभागाला खात्री आहे. वाटलंच, तर ‘आई गं’ म्हणावे.