सुवर्णचंचूचा अंगठा

माणसाची ओळख त्याच्या कर्तृत्वावरून होते, हे खरंच आहे. पण वस्तूची ओळख तिच्यावर चिकटवलेल्या कागदावरून होते, आणि जगात माणसांपेक्षा वस्तू जास्त असल्यामुळे कागदाचं वजन साहजिकच जास्त भरतं. आमच्या ‘जुनी धनुष्ये संग्राहक मंडळा’चा सगळा कारभार या एका तत्त्वावर उभा आहे. मी मंडळाचा चिटणीस. (बिनपगारी. पण शिक्का माझ्याकडे असतो.)

मंडळाचे सभासद एकशे बारा. त्यांपैकी धनुष्य ओढता येणारे चार, आणि त्यांतल्या दोघांना डॉक्टरांनी मनाई केली आहे. बाकीचे धनुष्य भिंतीवर टांगतात, दर रविवारी मऊ फडक्याने पुसतात आणि पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. सगळ्यांचा जीव एकाच कंपनीवर: सुवर्णचंचू. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेलं, मुठीच्या वर सोनेरी चोचीचं चित्र असलेलं धनुष्य. त्यातही ‘वज्र’ हे मॉडेल म्हणजे काय विचारता! एका सभासदाने वज्र मिळाल्यावर राहतं घर बदललं. (नव्या घराची भिंत मोठी होती.)

आता, सुवर्णचंचू कंपनीने आयुष्यात एकही धनुष्य बनवलं नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. कंपनीकडे दोन खोल्या, एक टेलिफोन आणि चोचीच्या चित्रांचे गठ्ठे होते. धनुष्यं व्हायची मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात. तिथून ती गोणपाटात बांधून कोरी यायची आणि इथे त्यांच्यावर चोच चिकटायची. याला काही लोक आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. आम्ही परंपरा म्हणतो. शिवाय चोच चिकटवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. चित्र आधी कोमट पाण्यात भिजवावं लागे.

अस्सल सुवर्णचंचू ओळखण्याच्या मंडळाने अकरा कसोट्या ठरवल्या आहेत. पहिल्या दहा चोचीबद्दल आहेत. अकरावी मुठीबद्दल. मुठीच्या एका अंगाला तिरपा खळगा असतो, आणि त्यात अंगठा ठेवला की चांगलंच अवघडतं. हा खळगा कशासाठी, यावर नऊ वर्षं संशोधन चालू आहे. अध्यक्षांच्या मते कंपनीतल्या कोणा थोर कल्पक माणसाने नेमबाजाची झोप उडावी म्हणून तो मुद्दाम ठेवला. उपाध्यक्षांच्या मते त्यात गणित आहे. त्यांचा निबंध कोणालाच कळला नाही, म्हणून त्याला पारितोषिक मिळालं.

आमच्या अस्सल धनुष्यांच्या सूचीची नवी आवृत्ती छापायला जायच्या आदल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ लेकीचा हात धरून कार्यालयात आले. मागच्या गल्लीतला तो कारखाना यांचाच. कारखाना म्हणजे हे स्वतः, एक साचा आणि चिकटवलेले थर आवळून धरणारे बावीस शिकंजे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. काखेत एक धनुष्य होतं, चोच नसलेलं.

“हे वज्रच आहे,” मिस्त्री म्हणाले. “त्याच साच्यातलं. ही जन्मली त्या दिवशी दोन केली होती. एक कंपनीला गेलं, एक घरी राहिलं.”

“बाबांना पैसे-बिसे काही नकोत,” लेक म्हणाली. “त्यांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत काहीच दिसणार नाही. तुमच्या सूचीत एका ओळीत त्यांचं नाव छापा. दिसतंय तोवर एकदा वाचू दे त्यांना.”

मला भरून आलं, हे मी लपवत नाही. मी ताबडतोब अर्ज क्रमांक चार काढला. त्यातले रकाने असे: कंपनी, मॉडेल, साल, सध्याचा मालक, आधीचा मालक, दोघांचं बोलणं चालू आहे काय. ‘घडवणारा’ असा रकाना नव्हता. रकाना वाढवायचा तर सर्वसाधारण सभा लागते. सभेला गणसंख्या लागते, आणि ती आजवर एकदाच, स्थापनेच्या दिवशी भरली होती. (त्या दिवशी जेवण होतं.)

तरी माणुसकी म्हणून परीक्षण समिती बसली. पहिल्या दहा कसोट्यांत शून्य गुण पडले, कारण चोचच नाही. अकराव्या कसोटीसाठी अध्यक्षांनी मिस्त्रींना मूठ धरायला सांगितली. त्यांचा अंगठा खळग्यात माहेरी आल्यासारखा विसावला.

“अवघडत नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही बुवा. अंगठाच वाकडा आहे माझा,” मिस्त्री हसले. “ऐन उमेदीत शिकंज्यात सापडला. मग माझ्या हाताला बरी वाटेल तशी मूठ घासायचो. कंपनीने कधी तक्रार केली नाही. त्यांनी ओढून बघितलंच कुठे?”

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! नऊ वर्षांच्या संशोधनाचं उत्तर समोरच्या खुर्चीत बसलं होतं आणि त्याला आम्ही साधा चहासुद्धा विचारला नव्हता. पण अध्यक्ष उगाच अध्यक्ष झालेले नाहीत.

“अस्सल सुवर्णचंचूत अंगठा अवघडतो,” ते म्हणाले. “तुमचा अवघडत नाही. अर्थ उघड आहे. हे धनुष्य कोणीतरी तुमच्या अंगठ्याच्या मापाने बनवलंय.”

“कोणीतरी म्हणजे मीच की हो!”

“चिटणीस, कबुली लिहून घ्या.”

लेक ताडकन उठली. “अहो, जनाची नाही तर मनाची तरी! तुमच्या भिंतींवरची सगळी धनुष्यं यांनीच केलीत!”

अध्यक्षांनी तिला शांतपणे समजावलं की, तसं धरलं तर एकशे बारा सभासदांवर दुःखाचा डोंगर कोसळेल, आणि सभासदांचं सांत्वन करण्याची मंडळाच्या घटनेत तरतूद नाही.

तोडगा मी काढला. सूचीच्या शेवटी ‘परिशिष्ट ग: नकला’ असतं. मुख्य सूचीत नसलेला ‘घडवणारा’ हा रकाना तिथे आहे. नक्कल करणाऱ्याचं नाव जगाला कळलंच पाहिजे, म्हणून ते ठळक टायपात छापतात. मिस्त्रींचं धनुष्य तिथे नोंदवायचं ठरलं. एकमताने.

सूची छापून आली तशी मी स्वतः त्यांच्या घरी घेऊन गेलो. मिस्त्री खिडकीशी बसले आणि पान नाकाला टेकवून, ओळीखाली तो वाकडा अंगठा सरकवत वाचू लागले. लेकीने पानाच्या वरच्या बाजूला हात ठेवला. तिच्या तळव्याखाली ‘नकला’ हा मथळा होता.

“माझंच ना हे?”

“तुमचंच, मिस्त्री.”

“ठळक छापलंय की हो!” त्यांनी ते तीनदा वाचलं. मग मला चहा विचारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चहा मी घेतला.

एव्हाना तुम्हाला आमच्या मंडळाचा संताप आला असेल. येऊ दे, स्वाभाविक आहे. पण कंपनीचं नाव तुमच्या लक्षात राहिलं, मॉडेलचंही राहिलं. आणि त्या ठळक टायपात म्हाताऱ्याचं नाव काय छापलं होतं, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. सभासदत्वासाठी आम्ही याहून जास्त काही पाहत नाही. अर्ज पाठवतो, सही तेवढी करा.