मगदूम तात्यांची वर्तुळं

दोन माणसांमधलं नातं समजून घ्यायचं, तर मगदूम तात्यांना आधी दोन वर्तुळं काढावी लागत, एकमेकांवर चढलेली. "वेन आकृती, गड्या! जे दोघांचं हाय ते मधी येतंय," म्हणत ते खिशातून खडू काढायचे.

पुतणीचं लग्न ठरवताना त्यांनी पाहुण्यांच्या फरशीवरच मुलगा आणि मुलगी आखली. दोघांच्या आवडीतून मध्ये एकच शब्द आला: भडंग. "एवढ्यावर संसार चालतोय," तात्या म्हणाले. चाललाही.

इस्लामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात, शेती विभागात, ते मला वरिष्ठ. बैठकीत पडद्यावर वर्तुळं आली की संचालक चहा मागवत.

"तात्या, आज सूर्याला गिरान लागलंय काय?"

"सुटंल साहेब. आधी बघा तर."

एका हंगामात ऊसतोडीच्या पाळीवरून शेतकरी चिडले. तात्यांनी बैठकीत दोन वर्तुळं दाखवली: 'ज्यांचा ऊस आधी तुटला' आणि 'संचालकांचे पैपाहुणे'. भाकरीवर भाकरी ठेवावी तशी ती एकमेकांवर बसली. त्या दिवशी चहा कुणाला सुचला नाही.

"ही नावांची यादी कुणी दिली?" अध्यक्षांनी विचारलं.

यादी मी दिली होती. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.

"मीच काढली, साहेब."

आठवड्यात त्यांची बदली झाली. माण तालुक्यात, दहिवडीला, ऊसतोड मजूर जमवायला. ऊस तिथं औषधालाही सापडत नाही. वहिनी इस्लामपुरात शिक्षिका, त्या इथंच राहिल्या.

चार महिन्यांनी धीर करून मी माफी मागायला गेलो. तात्यांची एकच खोली. भिंतीवर खडूची दोन वर्तुळं, हातभर अंतरावर. एकात 'मी', दुसऱ्यात 'ही'.

"तात्या, मधे काय?"

"फोन हाय की. रेंज आली तर."

"तात्या, ती यादी..."

"यादी बरोबर हुती रं. तुझी पोरगी तवा बारावीला. तिचं वरीस कशाला मोडायचं?"

मग त्यांनी ऑफिसातल्या एकेकाची चौकशी केली, शिपायाच्या म्हशीपर्यंत. चहा दोनदा केला. मी उठलो तेव्हा पायरीपर्यंत आले.

"पुढच्या रविवारी येशील न्हवं?"

"येतो," मी म्हणालो.

त्याला दोन उन्हाळे झाले. मधे कामासाठी दोनदा साताऱ्याला गेलो. स्टँडवर दहिवडीची गाडी लागलेली होती. दोन्ही वेळा ती सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभा राहिलो.